अंग बाहेर येण्याचा त्रास आणि बसण्या-उठण्याची पद्धत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या महिला पुरवणीत अंग बाहेर येण्याच्या, म्हणजे गर्भाशय, मूत्राशय यांसारखे अवयव योनिमार्गात खाली उतरण्याच्या त्रासावर आलेला लेख वाचला. चारचौघांत ज्याचे नावही घेतले जात नाही अशा दुखण्याला आपण जागा दिलीत, याबद्दल मनापासून आभार. लेखात केगल व्यायामावर, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून सोडण्याच्या व्यायामावर भर आहे आणि तो योग्यच आहे. मात्र ग्रामीण भागात ३१ वर्षे परिचारिका म्हणून काम केल्यावर मला त्यात एक उणीव जाणवली. व्यायाम करताना आणि एरवीही दिवसभर बाईची पाठ व कंबर कशी असते, याचा उल्लेख त्यात कुठेच नाही.

मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून तोलून धरणारे स्नायू पुढे जघनास्थीपासून (ओटीपोटाच्या खालच्या टोकाशी समोर असलेल्या हाडापासून) मागे माकडहाडापर्यंत झोळीसारखे पसरलेले असतात. कमरेचा नैसर्गिक बाक राखून आपण उभे राहतो, तेव्हा पोटातला बराचसा दाब पोटाच्या भिंतीवर आणि जघनास्थीवर जातो. पाठीला पोक येऊन कमरेचा बाक सपाट झाला, की तोच दाब खाली, योनिमार्गाच्या दिशेने उतरू लागतो. पोक काढून बसल्यावर हे स्नायू सैलावतात आणि आधाराशिवाय ताठ बसल्यावर ते आपोआप थोडे कार्यरत राहतात, हेही मोजमाप करून पाहिले गेले आहे. याचा अर्थ पोक हेच या दुखण्याचे मूळ, असा कोणी घेऊ नये. बाळंतपणात स्नायूंना होणारी इजा, पाळी गेल्यानंतरचे बदल, जुनाट खोकला, बद्धकोष्ठता आणि वर्षानुवर्षे उचललेली ओझी ही कारणे अधिक मोठी आहेत.

तरीही बसण्याची पद्धत सुधारल्याने काय फरक पडतो, हे मी जवळून पाहिले आहे. शिवणकाम करणाऱ्या, पन्नाशीच्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. संध्याकाळ झाली की खाली काहीतरी उतरल्यासारखे जड वाटते आणि खोकला आला की लघवी होते, अशी त्यांची तक्रार होती. व्यायाम त्या नेमाने करत होत्या, पण मशीनवर बसतात तशाच वाकून. मी त्यांना लाकडी बाकाच्या कडेवर, तळपाय जमिनीला टेकवून बसवले, दोन्ही बाजूंच्या बैठकीच्या हाडांवर सारखा भार घ्यायला लावला आणि मगच स्नायू वर ओढायला सांगितले. क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, "ताई, कुठं आवळायचं ते आत्ता कळलं." उतरलेले अंग त्याने जागेवर गेले नाही; पण तीन महिन्यांनी संध्याकाळचा जडपणा पुष्कळ कमी झाला होता. ताठ बसणे म्हणजे छाती काढून, पोट आत खेचून बसणे नव्हे, हेही सांगावे लागते, कारण पोट असे आवळून धरल्याने खालचा दाब उलट वाढतो.

दुखणे अंगावर काढण्याची सवय आपल्याकडे किती खोल आहे, हे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत केलेल्या, १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीतून समोर आले. त्यात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळला, आणि त्याआधी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. उशिरा आलेल्या बाईला पुष्कळदा थेट गर्भाशयाची पिशवी काढण्याचाच सल्ला मिळतो. पिशवी काढली तरी स्नायू दुबळे ते दुबळेच राहतात आणि पुढे योनिमार्गाचा वरचा भाग खाली उतरू शकतो, ही गोष्ट तिला कोणी तरी आधी सांगायला हवी.

म्हणून आरोग्य विभागाला माझी एक विनंती आहे. बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत आशाताई घरी जाऊन बाळाचे वजन आणि तापमान पाहतात. त्याच भेटीत आई बाळाला पाजताना कशी बसते, हेही त्यांनी पाहावे. बहुतेक जणी खाटेवर, पाठीला टेकू न घेता, बाळावर ओणव्या होऊन तासन् तास पाजतात. कमरेमागे गुंडाळलेली चादर आणि मांडीवर उशी ठेवून बाळालाच छातीपर्यंत वर घ्यायला शिकवणे, खोकण्याआधी व घागर उचलण्याआधी खालचे स्नायू वर ओढून धरायला आणि उचलताना श्वास सोडायला सांगणे, एवढ्याला दहा मिनिटे पुरतात. आशाताईंच्या प्रशिक्षणात त्याचा समावेश व्हावा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सातारा जिल्हा