डावी बाजू तुझी, उजवी माझी

कोल्हापूर,
रविवार, रात्री अकरा

प्रिय बाळ्या,

गणपतीत आलेल्या तुझ्या पत्राला मी उत्तर पाठवलं नाही. बोलणी खायला तयार आहे, पण आधी हे वाच. दुसऱ्या कुणाला सांगून कळायचं नाही. घरी सगळी बरी आहेत, आईची शुगर ताब्यात आहे.

आबांच्या मारुतीच्या पुढच्या चाकांना धरणाऱ्या खालच्या आर्मचे बुश काढले, तेच, आत लोखंडी नळी, बाहेर कवच आणि मधे रबर. २००९ च्या मे महिन्यात आपणच बसवलेले. आबा पायरीवर बसून पाने मोजून देत होते आणि मोजून परत घेत होते. डावी बाजू तू घेतलीस, उजवी मी. तू बोल्टच्या दांड्याला ग्रीस चोपडायला लागलास तसा मी ओरडलो, ग्रीसनं रबर फुगतं, कोरडाच घाल. चहा गार होईस्तोवर भांडलो. मग तू गप्प बसलास आणि आपल्या बोल्टला लावलंसच.

मर्दा, तुझा बोल्ट गोटी पान्याच्या दोन हिसक्यांत ढिला झाला आणि हातानं ओढून बाहेर आला. ग्रीस काळं पडून खरवडीसारखं झालेलं. चिंधीनं पुसलं, तर खाली लोखंड कालच्यासारखं चकचकीत. मी तो बोल्ट हातात घेऊन बराच वेळ तसाच बसलो होतो.

माझ्या बाजूचा नट निघाला, बोल्टही फिरायला लागला. मी खूश. पण तो बुशाच्या आतल्या नळीला घेऊनच फिरत होता. रबर पिळवटायचं, पाना सोडला की बोल्ट परत जागेवर. २०१९ च्या ऑगस्टात गाडी चार दिवस पुराच्या पाण्यात होती. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी ३९ ला आलं की आबा गाडी उचलून वर नेऊन लावायचे. त्या वर्षी आबा नव्हते आणि मी उद्या बघू म्हणत राहिलो. नळी आणि बोल्ट यांच्यातल्या केसाएवढ्या फटीत पाणी शिरलं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा धरतो, त्यानं दोघांना आवळून एकजीव केलं.

दोन दिवस ऑइल सोडलं. घण मारला, तर बोल्टचं टोक छत्रीसारखं पसरलं. मग गॅस लावला. रबर पेटलं, काळा धूर गल्लीभर. काकू नाकाला पदर लावून खाली आल्या आणि म्हणाल्या, "आबांच्या गाडीचं काय करायलास रे?" मला उत्तर देता येईना. सगळे म्हणतात भंगारात घाल, २०१४ ला कंपनीनंच बनवायची बंद केलेली गाडी, किती दिवस तिच्या मागं लागणार? हेच मला रात्री झोपू देत नाही, बाळ्या. पुरात मी तिला सोडलीच होती, आता परत सोडायची?

शेवटी लोखंड कापायच्या करवतीच्या ब्लेडच्या एका टोकाला चिंधी गुंडाळली आणि ब्रॅकेट व नळीच्या मधून बोल्ट कापला, दोन्हीकडून. चार ब्लेडं गेली. आर्म घेऊन उद्यमनगरात गेलो, तर बुशाचं बाहेरचं कवच प्रेसलाही हलेना. मिस्त्री म्हणाला, अजून दाब दिला तर आर्मचं भोक वाकडं होईल. त्यानं उरलेलं रबर जाळून काढलं, आतून ब्लेड घालून कवचाला उभी चीर दिली आणि आर्मला ओरखडा जायच्या आत थांबला. छिन्नीचे तीन ठोके, आणि कवच कागदासारखं आत वळलं. काय हात होता त्याचा!

पन्हाळ्याच्या चढावर क्लच तूच जाळलास, तिथं मात्र मी अजून हार मानणार नाही.

पोरीची दहावी कशी गेली? तुझी पाठ? चाकणला शिफ्ट अजून रात्रीचीच आहे का? वैनींना नमस्कार.

नवे बुश दाबून बसवलेत. दोन्ही बोल्टच्या दांड्यांना ग्रीस लावलंय, रबराला लागू न देता. नट नुसते हातानं फिरवून ठेवलेत. गाडी चाकांवर उतरवून वजन आल्यावरच शेवटचं आवळायचं, हेही तूच सांगितलेलं. जॅकवर आवळलं तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. डावा मी आवळतो. उजवा तू आवळायचास. दुसरा शनिवार जोडून ये, तोवर गाडी दारात अशीच आहे.

तुझाच,
दादू