बगॅस बॉयलरात घालायच्या आधी त्यातली साखर काढून घ्या

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

गाळप सुरू झालं की पेपरात इथेनॉलच्या बातम्या सुरू होतात, दर किती, कोटा किती, रसाला परवानगी आहे का नाही. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला अचानक बंदी घातली, मग थोडी सूट दिली, तेव्हा कारखान्यांची किती धावपळ झाली ते सगळ्यांनी बघितलंय. पण खायच्या साखरेतला एक दाणाही कमी न करता ज्यातून माल निघू शकतो त्या बगॅसबद्दल, म्हणजे रस काढल्यावर उरणाऱ्या उसाच्या चोथ्याबद्दल, कोणीच नीट बोलत नाही, म्हणून हे पत्र.

एक टन ऊस गाळला की २८० ते ३०० किलो बगॅस निघतं, त्यात निम्मं पाणी, म्हणजे कोरडा माल १४०-१५० किलो. त्यातला साधारण पाव हिस्सा हेमिसेल्युलोज, म्हणजे उसाच्या धाग्यातला साखरांच्या साखळ्यांचा भाग, आणि त्यात मुख्य असते झायलोज नावाची साखर. टनामागे ३५ किलोच्या आसपास झालं हे! आपण साखर काढतो टनाला १०५-११० किलो, म्हणजे तिच्या जवळपास एक तृतीयांश एवढा माल दर सीझनला सरळ जाळतो.

यावर लोक म्हणतात बगॅस वाया कुठं जातंय, त्यावर बॉयलर चालतो, त्याच वाफेवर केलेली को-जनची वीज विकली जाते. बरोबर आहे, बॉयलर बंद करा असं मी म्हणतच नाही. पण जळताना खरी ताकद असते लिग्निनमध्ये, म्हणजे धाग्याला कडक करणाऱ्या भागात, हेमिसेल्युलोज किलोमागे त्याच्या निम्मीच उष्णता देतं. मग ते आधी काढून घ्या आणि उरलेला चोथा पिळून बॉयलरला द्या. दक्षिण आफ्रिकेत सेझेलाच्या साखर कारखान्यात बगॅसमधून फर्फ्युरल नावाचं केमिकल काढतात आणि राहिलेला चोथा बॉयलरातच जातो. हे फर्फ्युरल म्हणजे फ्युरान रेझिनचा कच्चा माल, फौंड्रीत वाळूचे साचे बांधायला लागतं ते. आणि फौंड्र्या आहेत कोल्हापूरजवळ शिरोलीला, गोकुळ शिरगावला, कारखान्यांच्या शेजारीच!

दुसरा रस्ता फर्मेंटेशनचा, म्हणजे झायलोज आंबवून माल करायचा, तो जरा नाजूक आहे. पातळ ॲसिड आणि वाफेवर १२० ते १६० डिग्रीला बगॅस शिजवलं की झायलोज सुटून पाण्यात येते, पण जरा जास्त तापलं की तिचंच फर्फ्युरल होतं, सोबत ॲसेटिक ॲसिड सुटतं, आणि दोन्ही यीस्टला मारक. मग चुना घालून ते पाणी सुधारून घ्यावं लागतं, आणि चुना तर आपल्याकडे रस साफ करायला रोजच लागतो. डिस्टिलरीतलं नेहमीचं यीस्ट झायलोज खात नाही, त्याला कॅन्डिडा जातीचं यीस्ट लागतं, ते झायलिटॉल करून देतं, शुगरफ्री च्युइंगम आणि टूथपेस्टमध्ये जातं ते. योग्य जिवाणू वापरले तर लॅक्टिक ॲसिडही होतं, ज्यापासून कुजणारं प्लास्टिक बनतं.

खर्च आहेच. ॲसिडला टिकणारे रिॲक्टर पाहिजेत, पाणी पाहिजे, चुन्यातून जिप्समचा गाळ निघतो त्याची सोय पाहिजे, आणि सांडपाणी नदीत सोडणार नाही हे आधीच लिहून घेतलं पाहिजे, पंचगंगेचं जे करून ठेवलंय तेवढं पुरे झालं. ब्राझीलमध्ये २०१४ ला पाचट-बगॅसपासून इथेनॉलचा मोठा प्लांट उभा राहिला आणि प्रीट्रीटमेंटच्या, म्हणजे माल आधी शिजवून मोकळा करायच्या, मशीनमध्येच अडकून बसला, म्हणून एकदम मोठी उडी नको. पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने एखाद्या सहकारी कारखान्याबरोबर छोटं युनिट लावावं, दोन-तीन सीझन चालवावं आणि आकडे सगळ्यांसमोर ठेवावेत. भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणाऱ्या पानिपतच्या प्लांटचं तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज कंपनीचं आहे, म्हणजे माणसं आणि ज्ञान आपल्या दाराशी आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पैसा कुणाच्या खिशात जाणार? ऊसदराच्या रंगराजन समितीच्या सूत्रात साखरेबरोबर बगॅस, मोलॅसिस (मळी), प्रेसमड (रस गाळल्यावरचा गाळ) यांचं उत्पन्न धरून ७० टक्के वाटा ऊस उत्पादकाचा आहे. उद्या केमिकल करणारी वेगळी कंपनी काढायची, तिला बगॅस जळणाच्या भावाने द्यायचं आणि नफा तिकडेच ठेवायचा, असं झालं तर सभासदाच्या हाती काहीच लागणार नाही. त्यामुळे साखर आयुक्तालयाने परवानगी देतानाच अट घालावी, की झायलिटॉल असो नाहीतर फर्फ्युरल, त्याची विक्री ७०-३० च्या हिशोबात धरलीच पाहिजे आणि दरवर्षी वार्षिक सभेत ताळेबंदात वेगळी दाखवली पाहिजे.

– एक ऊस उत्पादक सभासद, जि. सांगली