आधी नोंदणी विचारा, मग सुई टोचून घ्या

महोदय,

गुडघेदुखीपासून मधुमेह, बहिरेपणा, लकव्यापर्यंत सगळे काही ‘सुईने मुळासकट बरे’ करण्याच्या जाहिराती हल्ली वाढल्या आहेत. ॲक्युपंक्चरचा, म्हणजे शरीरावरच्या ठरलेल्या बिंदूंवर बारीक सुया टोचण्याच्या या चिनी उपचाराचा, उपयोग खरोखर आहे, म्हणूनच या जाहिरातींचा मला संताप येतो.

मी निवृत्त परिचारिका. शेजारपाजारच्या बायका नेहमी विचारतात, “सिस्टर, सुया लावून घेऊ का?” दुखणे जुने असेल आणि डॉक्टरांनी तपासून दुसरे काही नाही असे सांगितले असेल, तर मी ‘घ्या’ म्हणते. गुडघ्याची झीज, मानदुखी, अर्धशिशी यांत अनेकांना उतार पडतो. कोणता उपचार द्यावा याचे मार्गदर्शन करणारी ब्रिटनमधील ‘नाइस’ ही संस्था अर्धशिशीवर नेहमीची प्रतिबंधक औषधे चालत नसतील तर ५ ते ८ आठवड्यांत १० बैठकांपर्यंतचा ॲक्युपंक्चरचा पर्याय सुचवते. याच संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी मात्र ते देऊ नये असे सांगितले. जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर झालेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी ठरलेल्या बिंदूंवर सुया घेतलेल्यांपैकी ४७.६ टक्क्यांना गुण आला, बिंदू सोडून भलतीकडेच वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना, आणि नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी फक्त २७.४ टक्क्यांना. म्हणजे आराम पडतो, पण तो नेमक्या बिंदूंमुळेच पडतो असे म्हणता येत नाही. दुखण्याबाहेर बऱ्यापैकी आधार आहे तो शस्त्रक्रियेनंतरच्या आणि केमोथेरपीच्या मळमळीत, मनगटाच्या आतल्या बाजूच्या बिंदूला. मधुमेह सुईने जातो याला काहीही आधार नाही, आणि त्या भरवशावर इन्सुलिन बंद करणे जिवावर बेतू शकते.

दुखते का, हा प्रश्न हमखास येतो. सुई भरीव आणि इंजेक्शनच्या सुईपेक्षा पुष्कळ बारीक असते, तिच्यातून औषध जात नाही. टोचताना किंचित कळते, मग तिथे जडपणा किंवा मुंग्या येतात. एखाद्याला घेरीही येते, म्हणून पहिल्या वेळी आडवे पडूनच घ्यावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, गर्भारपण असेल किंवा पेसमेकर बसवलेला असेल तर आधीच सांगावे. पेसमेकरवाल्यांनी सुईला वीज जोडणारा प्रकार टाळलेलाच बरा. छातीवर सुई चुकून खोल गेली तर फुप्फुसाला छिद्र पडते. असे क्वचित घडते, पण घडलेले आहे. एकाची सुई दुसऱ्याला वापरल्याने हिपॅटायटिस बी पसरल्याच्याही नोंदी आहेत. पाकीट आपल्या डोळ्यांसमोर फोडले पाहिजे, यात भीड नको.

आमच्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी ही विद्या भारतात आणली असे अनेकजण समजतात. पण कोटणीस शल्यचिकित्सक होते आणि १९४२ मध्ये चीनमध्येच त्यांचे निधन झाले. त्यांच्याबरोबर चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातले डॉ. विजयकुमार बसू पुढे चीनमध्ये ती शिकले आणि १९५९ मध्ये कोलकात्यात त्यांनी उपचार सुरू केले.

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली उपचारकांची नोंदणी करणारी परिषदही आहे. तेव्हा संपादक महोदय, आपण एवढे करावे: या उपचाराची जाहिरात उपचारकाच्या नोंदणी क्रमांकाशिवाय छापू नये, आणि चालू औषधे सोडायला सांगणारी तर मुळीच घेऊ नये.

— एक निवृत्त परिचारिका, सोलापूर