पावडर वर, मुळं खाली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला रोपांच्या मातीवरचा लेख वाचला. माती तव्यावर भाजा, बुरशीनाशकाची आळवणी करा (म्हणजे ते पाण्यात कालवून मातीत ओता), लगेच मायकोरायझाची, म्हणजे मुळांशी जोडून राहणाऱ्या उपयोगी बुरशीची, पावडर रोपाच्या पिशवीवर भुरभुरवा, असा त्यातला क्रम. जेवायला बोलवायचं आणि दाराला कुलूप लावायचं, तसलाच प्रकार.

त्यातही 'भुरभुरवा' हा शब्द जास्त खटकला. साग, चिंच, कडुनिंबाच्या मुळांत शिरणारी ही बुरशी मूळ मिळालं तरच वाढते. बीजाणू रुजला की त्याचा तंतू जेमतेम काही सेंटिमीटर सरकतो. तेवढ्यात मूळ लागलं नाही तर थांबतो. पिशवीच्या वरच्या, उन्हाने सुकलेल्या थरात तो कुठल्या मुळाला शिवणार? बी टोकताना पावडर बियांखाली २-३ सेंटिमीटरवर पातळ थरात पसरावी, म्हणजे पहिलं मूळ तिच्यातूनच खाली जातं. रोप बदलताना ती मुळांना चिकटूनच हवी. पाइनचं वेगळं आहे. त्याची बुरशी मुळाला बाहेरून वेढते, तिचे बीजाणू पाण्यात कालवून ओतले तरी चालतात. पण सागाची बुरशी पाइनला लागत नाही. लेखात मात्र सगळ्या झाडांना एकच पाकीट!

मातीही अशी करपवायची नसते. ओलसर माती वाफेवर ६० ते ६५ अंशांना अर्धा तास ठेवली की रोपं कोलमडवणाऱ्या बुरशा बहुतेक मरतात. त्याहून फार तापवली तर मँगनीज सुटतं, अमोनिया साठतो आणि कोवळी मुळं जळतात. मग रोप पिवळं पडलं म्हणून पुन्हा बुरशीनाशक, आणि पुन्हा पावडर. वाफेत चांगली बुरशीही जाते, म्हणून पावडर माती निवल्यावरच घालायची.

वर सुपर फॉस्फेट खताची मूठही सुचवली आहे. मुळालगतच्या एक-दोन मिलिमीटर पट्ट्यातलं स्फुरद (फॉस्फरस) लवकर संपतं, पलीकडचं बुरशीचे तंतू आणतात. त्या बदल्यात रोप त्यांना साखर देतं, कधी कधी तयार केलेल्यातला पाचवा हिस्सा. स्फुरद आयतं मिळालं तर रोप हा खर्च कशाला करेल? बुरशी मग मुळांत फारशी शिरत नाही. दाट सावलीतल्या रोपाला तर तो हिस्सा जडच जातो, वाढ खुंटू शकते. हे लेखकाने सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आता गांडुळं. एका लिटरच्या पिशवीत गांडूळ सोडलं तर खायला पुरेसा पाला नाही, तंतूंचं जाळं मात्र उसकटलं जातं. त्याऐवजी गांडूळखत दहा टक्के मिसळावं, फार नको, त्यातही स्फुरद असतं. आणि मातीवर उड्या मारणारे पांढरे कण म्हणजे कीड नव्हे. ते स्प्रिंगटेल नावाचे चिमुकले जीव आहेत. त्यांचं मुख्य खाणं कुजक्या पाल्यावरची बुरशी. संख्या फारच वाढली तर मुळांच्या बुरशीचे तंतूही कुरतडतात, पण तेव्हाही आधी पाणी कमी करून पाहावं. कीटकनाशक लगेच ओतायचं कारण नाही.

जाता जाता छायाचित्राबद्दल. 'मुळांवरील मायकोरायझा' म्हणून छापलेला पांढरा कापूस ही पाल्यावरची साधी बुरशी आहे. सागाच्या मुळातली बुरशी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. बारीक मुळं दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये तापवून, सौम्य आम्लात बुडवून, ट्रायपन ब्लूने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागतात. तसं छायाचित्र मिळत नसेल तर जागा मोकळी ठेवली असती तरी चाललं असतं.

आपला,
एक रोपवाटिकाचालक