मुलांना बोलता येईल अशी घरे हवीत

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली, तेव्हापासून आपल्याकडेही तसा कायदा व्हावा की नाही, याची चर्चा सुरू आहे. ही चर्चा आवश्यकच आहे. परंतु पुण्यातल्या शाळांमध्ये आणि वस्त्यांमध्ये मुलांच्या ऑनलाइन सुरक्षिततेविषयी बोलण्याचे काम करताना मला जे दिसते, ते या चर्चेत फारसे येत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ज्या मुलाला आज कोणी धमकावत आहे, ते मूल घरात तोंड उघडत नाही, आणि त्याच्या गप्प राहण्याचे कारण बहुतेक वेळा आपल्या घरांतच सापडते.

माझी नोकरी दूरध्वनी खात्यात झाली. जानेवारी २०२० च्या अखेरीस भारत संचार निगममधून देशभरातील हजारो कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडले, त्यांत मीही होते. दोनच महिन्यांत टाळेबंदी लागली, शाळा मोबाइलवर भरू लागल्या, आणि जिथे मुलांना फोनला हात लावायला बंदी होती, त्या घरांतही फोन मुलांच्या हाती द्यावा लागला. शेजारच्या मुलांना ऑनलाइन वर्गाची जोडणी करून देता देता त्यांच्या आया मला दबक्या आवाजात वेगळेच प्रश्न विचारू लागल्या. हे प्रश्न मला अगदीच नवे नव्हते. लँडलाइनच्या काळात घरी अश्लील किंवा धमकीचे फोन येऊ लागले, तर ग्राहक लेखी तक्रार देई आणि तो फोन कोणत्या क्रमांकावरून येतो, याचा माग एक्स्चेंजमध्ये काढता येत असे. पण तेव्हा फोन बैठकीच्या खोलीत असे. रिसीव्हर उचललेल्या मुलीचा चेहरा उतरला, तर आई तो तत्काळ तिच्या हातातून घेई. आज तीच धमकी मुलीच्या उशाशी येते, आवाज न करता येते, आणि घरातल्या कोणालाही तिचा पत्ता लागत नाही. हे लक्षात आले तेव्हापासून मी कायद्याची कलमे वाचू लागले, जाणकारांना भेटू लागले, आणि हळूहळू शाळांमध्ये जाऊ लागले. नोकरी मी निष्ठेने केली, मात्र सकाळी उठल्यावर ज्याची ओढ वाटावी असे काम मला निवृत्तीनंतर मिळाले, हे मी कृतज्ञतेने सांगते.

मुलांना जाळ्यात ओढण्याची रीत ठरलेली असते. ओळख बहुधा एखाद्या खेळाच्या चॅटमध्ये किंवा समाजमाध्यमावर होते. समोरची व्यक्ती स्वतःचे वय मुलाच्या वयाजवळचेच सांगते, त्याचे कौतुक करते, घरी त्याला कोणी समजून घेत नाही या त्याच्या तक्रारीला दुजोरा देते, आणि विश्वास बसला की बोलणे दुसऱ्या, अधिक खासगी ॲपवर नेते. पुढे छायाचित्र मागितले जाते. ते एकदा हाती आले, की आणखी छायाचित्रांची किंवा पैशांची मागणी सुरू होते. पैसे दिल्याने ती थांबत नाही, उलट वाढते. अलीकडे तर कधी कधी मुलाने काहीही पाठवलेले नसते. शाळेच्या स्नेहसंमेलनातला साधा फोटो घेऊन त्यापासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने नग्न चित्र तयार केले जाते. या सगळ्या टप्प्यांवर धमकावणारा एकच वाक्य पुनःपुन्हा ऐकवतो : ‘घरी सांगितलेस तर तुझेच हाल होतील.’ आणि मुलाला ते खरे वाटते, कारण फोन काढून घेऊ, क्लास बंद करू, गावी पाठवून देऊ, हे त्याने घरात अनेकदा ऐकलेले असते. मुलींना शिक्षण सुटण्याची भीती असते. मुलग्यांना लाज अधिक वाटते, आणि ते तर मुलींपेक्षाही उशिरा बोलतात, असा माझा अनुभव आहे.

म्हणून पालकसभेत मी पहिली विनंती ही करते, की आजच घरी जाऊन मुलांना स्पष्ट शब्दांत सांगावे : ‘असे काही घडले आणि तू सांगितलेस, तर आम्ही तुझा फोन काढून घेणार नाही आणि तुला रागावणारही नाही.’ अनेक पालकांना हे वचन जड जाते. शिस्त बिघडेल, अशी त्यांची शंका असते. पण हे वचन दिल्याखेरीज बाकीचे उपाय मुलापर्यंत पोहोचतच नाहीत, या मतावर मी ठाम आहे.

कायदा या बाबतीत आपल्या समजापेक्षा मुलांच्या अधिक बाजूचा आहे. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या ११ व्या कलमात मुलाच्या शरीराचे खरे किंवा बनावट चित्रण प्रसारित करण्याची लैंगिक हेतूने दिलेली धमकी हाही लैंगिक छळ मानला आहे. म्हणजे ‘फोटो खोटाच आहे, मग तक्रार कशाची?’ हा प्रश्न मुळातच गैरलागू आहे. त्याच कायद्यानुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यायचा असतो, जबाब घेणारा अधिकारी गणवेशात नसावा आणि शक्यतो महिला असावी, आणि पालक किंवा मुलाच्या विश्वासातली व्यक्ती सोबत असावी, अशी तरतूद आहे. पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागेल या धास्तीने गप्प बसलेल्या आईवडिलांना हे सांगितले, की त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ ब या कलमानेही मुलांचे अश्लील चित्रण पसरवणे आणि त्यांना तशा ऑनलाइन संबंधांत ओढणे हा गुन्हा ठरवला आहे.

एका शाळेत असा प्रकार उघडकीस आला, तेव्हा नाव खराब होईल म्हणून तो ‘आपसात मिटवावा’ असे मला सुचवण्यात आले. शाळांच्या व्यवस्थापनांनी पॉक्सो कायद्याची १९ आणि २१ ही कलमे अवश्य वाचावीत. गुन्ह्याची माहिती असूनही पोलिसांना न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि आपल्या हाताखालच्या व्यक्तीने केलेला गुन्हा न कळवल्यास संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. तितकेच मोठे संकट पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर असते. ‘सावध राहा’ असे लिहून कोणी तरी ते चित्रच पुढे पाठवतो. त्याचा हेतू चांगला असतो, पण त्या मुलीचे चित्र त्यामुळे आणखी शेकडो फोनांवर पोहोचते, आणि असे चित्र पुढे पाठवणे हाच मुळी गुन्हा आहे.

तक्रार करण्याआधी घाईघाईने सर्व संभाषण पुसून टाकू नये. धमकावणाऱ्याचा आयडी, प्रोफाइलची लिंक, संदेशांचे स्क्रीनशॉट, पैसे मागितले असल्यास तो क्रमांक किंवा यूपीआय आयडी, हे सारे जपून ठेवावे आणि मगच त्याला ब्लॉक करावे. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी रात्रंदिवस चालू असते. मूल स्वतःही तिथे फोन करू शकते. पैसे गेले असतील, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीवर तत्काळ कळवावे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांविषयीच्या अशा साहित्याची तक्रार नाव न सांगताही करता येते. याखेरीज ‘टेक इट डाउन’ ही एका अमेरिकी संस्थेची विनामूल्य सेवा आहे. तिच्यात छायाचित्र कोठेही पाठवावे लागत नाही. त्याचा केवळ एक डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्याच्याशी जुळणारे चित्र आपल्या व्यासपीठांवरून हटवू शकतात. शाळांतल्या मुलांना ही सेवा समजावून सांगितली, की वर्ग एकदम शांत होतो आणि तास संपल्यावर एखादे मूल रेंगाळते. त्या मुलाला वेळ देता यावा, म्हणून मी त्या दिवशी दुसरे कोणतेही काम ठेवत नाही.

बंदीच्या चर्चेत आणखी एक गोष्ट निसटते. महापालिकेच्या अनेक शाळांतल्या मुलांचा स्वतःचा फोन नसतो. ती वडिलांचा फोन वापरतात, खातेही वडिलांच्याच नावाचे असते, आणि त्यामुळे कंपनीच्या लेखी ते मूल चाळीस वर्षांचा पुरुष असते. वयानुसार दिलेले कोणतेही संरक्षण त्याला लागू होत नाही. वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळता येणारी संमती आवश्यक केली आहे. तो नियम चांगला असूनही या घरांत पोहोचणे अवघड आहे. तिथे माणसांनीच पोहोचायला हवे, आणि तेही वर्षातून एकदा व्याख्यान देऊन परतण्यासाठी नव्हे. मुले पहिल्या भेटीत काही सांगत नाहीत. तीच ताई, तेच काका पुन्हा पुन्हा येताना दिसले, म्हणजेच ती बोलतात.

आपल्या शहरात निवृत्त शिक्षक, बँक कर्मचारी, परिचारिका, अभियंते मोठ्या संख्येने आहेत, गल्लोगल्ली ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, गणेश मंडळांकडे कार्यकर्ते आणि जागा आहेत. संगणकाचे विशेष ज्ञान या कामाला लागत नाही. कायद्याची जुजबी माहिती, शांतपणे ऐकण्याची तयारी आणि ऐकलेले गुन्ह्याचे असेल तर ते दडवून न ठेवण्याची जबाबदारी एवढे पुरते. इच्छुकांनी जवळच्या शाळेच्या पालक-शिक्षक संघाला आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असलेल्या सखी सावित्री समितीला मुख्याध्यापकांमार्फत भेटावे. आपल्या वृत्तपत्राने १०९८ आणि १९३० हे क्रमांक ठळकपणे नियमित छापावेत, ही विनंती. सुरुवात दिवाळीच्या सुट्टीआधीच्या पालकसभेपासून करता येईल, कारण सुट्टीत मुलांच्या हाती फोन अधिक वेळ असतो आणि मोठी माणसे कामावर असतात.

आपली विश्वासू,
एक निवृत्त दूरध्वनी कर्मचारी,
सिंहगड रस्ता, पुणे