फॉल्स दिलं तरी ट्रूच!

संपादक साहेब,

तुमच्या पेपरात पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिका असं सारखं येतं, छानच आहे, पण त्यातला एक खड्डा कुणी सांगत नाही म्हणून लिहितोय. परवा मुलीच्या प्रोजेक्टमध्ये कमांड लाइनवर, म्हणजे प्रोग्राम चालवायची आज्ञा टाइप करतो तिथे, डिबग नावाच्या ऑप्शनला फॉल्स (खोटं) दिलं तरी प्रोग्राम ट्रूच (खरं) धरायचा, रात्री एकपर्यंत दोघं डोकं खाजवत बसलो. घोळ काय तर आर्गपार्समध्ये, म्हणजे कमांड लाइनवरचे ऑप्शन वाचणाऱ्या पायथनच्या मॉड्यूलमध्ये, टाइप म्हणून बूल (ट्रू-फॉल्सचा प्रकार) लिहिलेलं. कमांड लाइनवरून येतात ती नुसती अक्षरं, आणि रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, बूलला ट्रूच वाटते, मग त्यात फॉल्स लिहा नाहीतर बटाटा. तिथे अ‍ॅक्शन म्हणून स्टोअर ट्रू लिहायचं, म्हणजे ऑप्शन दिला तर ट्रू, नाही दिला तर फॉल्स, किंवा पायथन ३.९ पासून बूलियन ऑप्शनल अ‍ॅक्शन आलंय, त्यात नावाच्या आधी नो लावून ऑप्शन बंदही करता येतो. क्लासच्या नोट्समध्ये मात्र अजून बूलच छापलंय, फी भरून!

– एक पालक