सलाह फराह सर, तुमचे आणि त्या बसमधल्या सगळ्यांचे आभार

सलाह सर,

हे पत्र तुमच्या हाती पडणार नाही. जानेवारी २०१६ मध्ये नैरोबीच्या इस्पितळात तुमचा मृत्यू झाला. पण त्या बसमध्ये तुम्ही एकटे नव्हतात, म्हणून हे सगळ्यांनाच लिहिते आहे. तुम्ही केनियातले मुसलमान शिक्षक आणि मीही शिक्षिका आहे, त्यामुळे 'सर' आपोआप येतं.

२१ डिसेंबर २०१५. नाताळ चार दिवसांवर आणि बस नैरोबीहून मंडेराकडे निघालेली. मंडेरा म्हणजे केनियाचं पार ईशान्य टोक, सोमालियाला खेटून. या भागात वर्षभरापूर्वी अल-शबाब या सोमालियातल्या दहशतवादी संघटनेने अशीच एक बस अडवली होती, मुसलमान नसलेले प्रवासी वेगळे काढून २८ जणांना मारलं होतं. पुढे एप्रिलमध्ये केनियातल्याच गारिसा विद्यापीठात १४८ बळी गेले, तिथंही धर्म विचारून. मग बाहेरून आलेले शिक्षक त्या पट्ट्यात परत जायला धजेनात, शाळांना शिक्षक मिळेनात. बंदूकवाल्यांना हेच तर हवं होतं. गोळ्या थोड्यांना लागतात, पण शेजारी शेजाऱ्याला बिचकायला लागला की पुढचं काम आपसूक होतं.

तुमची बस अडवली तेव्हा हुकूम तोच: मुसलमान एकीकडे, बाकीचे दुसरीकडे. मुसलमान असाल तर जीव वाचणार, हेही सांगून झालं. पण तोवर बसमधल्या मुसलमान बायकांनी आपले हिजाब शेजारच्या ख्रिस्ती बायकांना दिले होते. कोण कोण आहे ते ओळखू येईना. आणि तुम्ही सगळे हलायलाच तयार नव्हतात. मारायचं तर सगळ्यांना मारा, नाहीतर सगळ्यांना सोडा, एवढंच म्हणणं. या हुज्जतीतच तुम्हाला गोळी लागली. त्या दिवशी दोघांचा जीव गेला आणि चार आठवड्यांनी तुमचा. बाकीचे घरी पोचले.

आता माझं सांगते. कुठं हल्ला झाला की आमच्या शिक्षक-खोलीत एक वाक्य हमखास यायचं, "यांच्यातले चांगले लोक पुढं येऊन बोलत का नाहीत?" मीही म्हटलं आहे ते, एकदा नव्हे. तेव्हा आमची एक मुसलमान सहकारी समोरच बसलेली असायची. ती मान वर न करता वह्या तपासत राही. 'यांच्यातले' म्हणताना ती खोलीतच आहे, हे माझ्या ध्यानातही यायचं नाही.

बोलणारे बोलत होतेच. सप्टेंबर २०१४ मध्ये १२६ मुसलमान विद्वानांनी 'इस्लामिक स्टेट' या दहशतवादी संघटनेचा म्होरक्या बगदादी याला जाहीर पत्र लिहून त्याचं म्हणणं धर्मशास्त्राच्याच आधारानं खोडून काढलं होतं. त्याच वर्षी जानेवारीत पाकिस्तानातल्या हंगू भागात एतझाज हसन हा शाळकरी पोरगा आत्मघातकी हल्लेखोराला शाळेच्या बाहेरच भिडला आणि त्यात गेला. आतली मुलं वाचली. मी वाचत नव्हते, इतकंच. विद्वानांच्या पत्राला मोल आहे, पण खरं सांगायचं तर मला पटलं ते तुमच्या बसमुळे. तिथं निवेदन काढायला कुणाला वेळ नव्हता. फट पाडायला आलेल्यांना ती पडू द्यायची नाही, हे ज्यांना स्वतःला सूट मिळत होती त्यांनी ठरवलं. बाहेरच्या कुणाला ते जमलंच नसतं.

तुमची गोष्ट कळल्यावर मी त्या सहकारीला मोठ्या उत्साहानं सांगायला गेले.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"मग कधी बोलली का नाहीस?"

"विचारलंत कधी?"

आणि तिनं वह्यांचा अर्धा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. आम्ही दोघी तपासत बसलो. ते वाक्य मी त्यानंतर उच्चारलेलं नाही. त्याबद्दल, सर, तुमचे मनापासून आभार. आणि ज्यांनी आपला हिजाब दुसरीला दिला, त्या बायकांचे त्याहून जास्त.

तुमची,
एक शिक्षिका